‘स्पॉक्स ब्रेन’ गाळून टाक म्हणणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. दिवाळीच्या आधी नागपुरात आपण स्टार ट्रेक ही जुनी अमेरिकन अंतराळ मालिका पाहणारे पंधरा-वीस जण एका दादाच्या फ्लॅटवर जमलो होतो, त्यात खिडकीजवळ बसलेला, ज्यानं घरचा मुरमुऱ्याचा चिवडा आणला होता, तो मी. तुम्ही लोकांनी मला लय प्रेमानं बोलावलं, सकाळी तर्री-पोहे खाऊ घातले, आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की तो टोकदार कानांचा स्पॉक कोण हे कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. म्हणून आधी हे लिहून ठेवतो की राग धरून लिहीत नाही. पण तिसऱ्या सीझनचा पहिला भाग ‘स्पॉक्स ब्रेन’ गावात दाखवू नको असं तुम्ही म्हटलं ती गोष्ट मनात अडकून बसली आहे, दोन महिने होऊन गेले, ती निघून नाही राहिली.

दुपारी जेवण झाल्यावर आपला खेळ सुरू झाला, ज्यानं त्यानं आपल्या मते सर्वात भंगार एपिसोड सांगायचा. कोणी व्हॉयेजर या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेचा ‘थ्रेशोल्ड’ सांगितला, १९९६ चा, ज्यात टॉम पॅरिस वॉर्प दहा म्हणजे अशक्य मानलेला वेग गाठतो आणि मंग तो अन् कॅप्टन जेनवे दोघंही सरड्या-बेडकासारखे प्राणी होऊन जातात, पिल्लं होतात आणि ती पिल्लं तिथंच त्या ग्रहावर सोडून येतात. कोणी नेक्स्ट जनरेशन मालिकेचा ‘शेड्स ऑफ ग्रे’ म्हटलं, १९८९ चा, जहाजावरचा अधिकारी रायकर आजारी पडून बेडवर आहे आणि आपण जुन्याच भागांचे तुकडे पाहून राहिलो. इथपर्यंत ठीक होतं. मी पण हसलो, ‘थ्रेशोल्ड’ मलाही सहन होत नाही, त्याला मेकअपचं एमी बक्षीस मिळालं ते मिळो, ज्यांनी तो मेकअप केला त्यांनी मेहनत घेतलीच होती.

मंग ‘स्पॉक्स ब्रेन’ निघाला आणि सगळे एकदमच सुरू झाले. तेव्हा ती गोंदियाची पोरगी बोलली. ती म्हणाली, मी स्टार ट्रेकचा पाहिलेला पहिलाच भाग हा होता, भावाच्या मोबाइलवर, आणि मला आवडला होता, त्याच्यामुळेच मी बाकीचे शोधून शोधून पाहिले. बस एवढंच. त्याच्यावर जे हसणं झालं ते पाच मिनिटं थांबलं नाही. एक दादा म्हणाले, मंग तुला स्टार ट्रेक कळलंच नाही. ती त्याच्यावर काहीच बोलली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि चार वाजता बॅग उचलून म्हणाली की गाडी आहे. गोंदियाला जायला नागपूरहून रात्रीपर्यंत गाड्या असतात हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

आणि मला निघताना तुम्ही तिघाचौघांनी सांगितलं, तू गावात पोरांना दाखवतो ना, चांगलं काम करून राहिला, पण तिसऱ्या सीझनचा पहिला भाग गाळून टाक, नाहीतर पोट्टे पुढच्या शनिवारी येणार नाहीत. मी हो म्हटलं. ते हो म्हटलेलं मला परत घ्यायचं आहे, त्यासाठी हे पत्र.

आधी एक कबूल करतो म्हणजे पुढचं नीट वाचलं जाईल. भाग चांगला नाही. मी तो चार वेळा पाहिला आहे. एक बाई अचानक एंटरप्राइज जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत येते, हातातल्या कड्याचं बटण दाबते, सगळे खाली पडतात, आणि उठून पाहतात तं स्पॉकच्या डोक्यातला मेंदूच काढून नेलेला. जहाजाचा डॉक्टर मॅककॉय म्हणतो, शरीर चोवीस तास जगेल. मंग सिग्मा ड्रॅकोनिस ताऱ्याच्या सहाव्या ग्रहावर जायचं, वर सगळा बर्फ, तिथं थंडीनं रानटी झालेले पुरुष, आणि खाली जमिनीत उबदार शहरात फक्त बायका, ज्यांना कशाचंच काही माहीत नाही. बिनमेंदूच्या स्पॉकला डोक्यावर पट्टा लावून रिमोटनं चालवत सोबत नेतात. आमच्या गावच्या एका पोरानं तो रिमोट पाहून लगेच म्हटलं, हा तं मोटरपंपाचा ऑटो स्टार्टर झाला. शेवटी मॅककॉय एका यंत्रानं काही वेळापुरतं ज्ञान डोक्यात घेतो, ऑपरेशन सुरू करतो, मध्येच ते ज्ञान उतरत जाते, मंग स्पॉकचा आवाज जोडतो आणि स्पॉक स्वतःच्याच ऑपरेशनमध्ये पुढचं काय करायचं ते सांगतो. खुद्द स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयनं पुढे लिहून ठेवलं आहे की या भागाचं शूटिंग चालू होतं तितके दिवस त्याला लाज वाटत होती. आता ज्याचा मेंदू गेला तोच असं म्हणत असेल तं मी त्याच्यावर काय भांडू.

तर भाग चांगला आहे असं सिद्ध करायला मी बसलो नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यानं अजून पाहिला नाही त्याला तो पाहूच देऊ नका हे जे आपण करून राहिलो, आणि ज्याला आवडला त्याला आपल्यातून काढून राहिलो, हे चुकीचं आहे. आणि हे मला विचार करून नाही सुचलं, आमच्या समाजमंदिरात दिसलं.

आमच्याकडे मागच्या वर्षी धानाची कापणी झाल्यावर मी हे सुरू केलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा प्रोजेक्टर, समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर, दोरीनं ताणून, खालून विटांनी दाबून, नाही तं वाऱ्यानं कॅप्टन कर्कचं तोंड वाकडं होते. शनिवारी रात्री आठला. इंग्रजी कोणाला फारसं कळत नाही तं मी दर दोन मिनिटांनी थांबवून आपल्या बोलीत सांगतो. पोट्टे चाळीसेक असतात, मागे पाच-सात बाया, दोन-चार म्हातारे जे आधी फक्त शेकोटी समाजमंदिरासमोर पेटवली म्हणून यायचे. मी १९६६ च्या पहिल्या भागापासून ओळीनं दाखवून राहिलो, रोवणीच्या दिवसांत बंद होतं, नागपूरहून आलो तेव्हा दुसरा सीझन संपत आला होता.

त्यातला ‘द डेव्हिल इन द डार्क’ आमच्याकडे कसा झाला ते तुम्ही पाहायला पाहिजे होतं. मार्च १९६७ चा भाग, खाणीत कामगार मरून राहिले, कोणतं तरी जनावर त्यांना जाळून मारते, आणि शेवटी कळते की ती आई आहे, तिची अंडी खाणीवाले अजाणता फोडून राहिले होते. आमची शेतं जंगलाला लागून. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला बाया पहाटे जंगलात जातात, आणि वाघानं माणूस नेला अशी बातमी आमच्या भागात दरवर्षी कुठून ना कुठून येते. त्या रात्री ती आई, होर्टा म्हणतात तिला, जखमी होऊन दगडावर अक्षरं जाळून उमटवते ना, तिथं मी भाषांतर करायला थांबलो, तं कोणीच काही बोललं नाही. मागून एक बाई हळूच म्हणाली, तिले बी पिल्लं हायत म्हना ना. घरी जाताना लोकं नेहमीसारखे टॉर्च घेऊन घोळक्यानं गेले, पण त्या दिवशी कोणी वाघाला शिवी दिली नाही.

आता हे काऊन सांगून राहिलो, तं ‘डेव्हिल इन द डार्क’ लिहिणारा माणूस जीन कून. आणि ‘स्पॉक्स ब्रेन’ लिहिणारा ली क्रोनिन म्हणजे तोच जीन कून, त्यानं मालिका सोडली होती, दुसऱ्या कंपनीशी करार होता म्हणून टोपण नावानं लिहायचा. दिग्दर्शक मार्क डॅनियल्स, ज्यानं ‘स्पेस सीड’ केला, ‘मिरर, मिरर’ केला, ‘द डूम्सडे मशीन’ केला. म्हणजे आपण ज्या भागाला कचरा म्हणून राहिलो तो कोण्या अडाण्यानं नाही केलेला, ज्या हातांनी आपल्याला सर्वात चांगलं दिलं त्याच हातांचं ते काम आहे. हे मला तरी लय महत्त्वाचं वाटते. चांगला शेतकरी आणि चांगली जमीन, तरी एखाद्या साली धान पोचट निघतेच, तेव्हा आपण पाणी कधी तुटलं, कीड कधी लागली ते पाहतो.

तर पाणी कधी तुटलं ते पण पाहू. हा इतिहास तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे पण मला वाटते त्याच्याकडे आपण नीट पाहिलं नाही. दुसऱ्या सीझनमध्ये बातमी पसरली की मालिका बंद होणार. तिकडे बिजो आणि जॉन ट्रिंबल नावाच्या नवरा-बायकोनं लोकांना कळवलं की पत्रं लिहा, आणि कशी लिहायची ते पण सांगितलं. इंटरनेट नाही काही नाही, सगळं पोस्टानं. पोत्यानं पत्रं गेली चॅनेलला. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक कॉलेजचे विद्यार्थी मशाली घेऊन चॅनेलच्या बरबँकच्या स्टुडिओवर मोर्चानं गेले. शेवटी १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर चॅनेलनं टीव्हीवरच सांगितलं की मालिका परत येणार आहे. केवढा आनंद झाला असेल त्या लोकांना, विचार करा. आपण एका एसटीसाठी अर्ज देतो, बस सुरू होते, त्या दिवशी स्टँडवर नारळ फोडतो, तसा.

आणि मंग काय झालं तं आधी सोमवारी संध्याकाळची वेळ ठरली होती ती बदलून शुक्रवारी रात्री दहाची दिली, ज्या वेळेला तिकडचे तरुण पोरं-पोरी घरात बसत नाहीत. मालिका ज्यानं बनवली तो रॉडनबेरी रागावून रोजच्या कामातून बाजूला झाला. पैसे कापले. फ्रेड फ्रायबर्गर म्हणून नवीन निर्माता आला. आणि २० सप्टेंबर १९६८ ला, ज्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून, पाकिटाला तिकीट चिकटवून मालिका वाचवली होती, ते टीव्हीसमोर बसले आणि त्यांना पहिलाच भाग दिसला तो ‘स्पॉक्स ब्रेन’.

मी जेव्हा जेव्हा हा भाग पाहतो तेव्हा मला स्पॉक नाही दिसत, ती माणसं दिसतात. त्यांना केवढं वाईट वाटलं असेल. राग आला असेल, आणि तो राग खरा होता, कारण त्यांनी त्या मालिकेला काही दिलं होतं. त्यांनी नावं ठेवली, आजवर ठेवत आले, पण पाहणं सोडलं नाही. ३ जून १९६९ ला शेवटचा भाग लागला, एकूण ७९, संपलं सगळं, तरी लोकं जुने भाग परत परत पाहत राहिले, जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं मोठं संमेलन भरवलं, परत पत्रं लिहिली आणि १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला एंटरप्राइज नाव मिळालं ते पण पत्रांमुळेच. आपण त्यांचे वारस म्हणवतो, टी-शर्ट घालतो. आपण काय केलं, तं एका पोरीला हसलो.

एक अजून. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर बर्नार्डनं माणसाचं हृदय काढून दुसऱ्या माणसात बसवलं, जगातलं पहिलं. त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाचा हा भाग आहे. हृदय बसू शकते तं मेंदू काऊन नाही, हा प्रश्न तेव्हा हसण्याचा नव्हता, घराघरात लोकं हेच बोलत असतील. आज आपल्याला माहीत आहे म्हणून सोपं वाटते.

आता आमच्या गावचं सांगतो. मी तुम्हाला हो म्हटल्यावर खरंच तो भाग गाळणार होतो. पण दुसरा सीझन संपला त्या शनिवारी मी पोरांना सांगितलं की पुढचा भाग चांगला नाही, सरळ त्याच्या पुढचा लावतो, तं एक बारा वर्षांचं पोरगं म्हणालं, “तुमाले कसं मालूम आमाले नाई आवडनार?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. लावला.

हसले. लय हसले. मी पहिल्यांदा ‘ब्रेन’चं ‘भेजा’ केलं, तं अर्ध्या लोकांना मटणाचं दुकान आठवलं आणि गोंधळ झाला, मंग ‘मेंदू’ म्हणायला लागलो. ती मेंदू नेणारी कारा चिडून विचारते ना, मेंदू मेंदू, मेंदू म्हणजे काय, ते वाक्य पुढे आठवडाभर गावात चाललं, पोट्टे गाई हाकताना पण तेच म्हणत होते. म्हणजे तुम्ही हसता त्याच जागी तेही हसले, काही वेगळं नाही.

पण संपल्यावर जे झालं ते ऐका. दहावीतली एक पोरगी आहे, कधी बोलत नाही, भिंतीला टेकून बसते. ती म्हणाली, “सगळ्या बाया बिनडोक काऊन दाखवल्या?” सगळे एकदम चूप. मी म्हटलं, तसंच लिहिलं आहे. ती म्हणाली, “अना ज्ञान देनारं यंत्र हाय तं ते एकीच्याच डोक्यात काऊन घालते, सगळ्याइच्या काऊन नाई?” मंडळी, मी चार वेळा हा भाग पाहिला, नागपुरात आपण तासभर त्याच्यावर बोललो, हा प्रश्न आपल्यापैकी एकालाही पडला नाही. आपण रिमोटवर हसत होतो. त्या पोरीनं बरोब्बर जिथं दुखते तिथं बोट ठेवलं. पुरुष वर थंडीत, बाया खाली लहान मुलांसारख्या, आणि ज्ञान पेटीत बंद, ते फक्त पुढारणीला तेही काही तासांसाठी. आणि मॅककॉयनं तेच यंत्र डोक्याला लावून ऑपरेशन केलं म्हणजे ते कोणालाही चालत होतं. त्याच्यावर आमच्या समाजमंदिरात अर्धा तास भांडण झालं, खरं भांडण, बाया एकीकडे आणि पोट्टे एकीकडे. एका बाईनं म्हटलं, सातवीतून शाळा सोडवली माझी, मले बी असंच ठेवलं होतं खालते. हे ती होर्टाच्या भागात नाही बोलली. तो चांगला भाग होता, लोकं चूप बसून घरी गेले. हा वाईट होता म्हणून बोलली.

आणि आमच्या शेजारची आजी, पंच्याहत्तरच्या वर असेल, ती तर वेगळंच धरून बसली. आमच्या गावाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव आहे, त्याच्या पाण्यावर धान. तलावाचं पाणी कधी कोणाच्या बांधीत सोडायचं त्याचा हिशेब तिच्या नवऱ्याकडे होता, तो गेल्यावर दोन वर्षं कोणाला काही कळेना, भांडणं झाली. तिनं मला विचारलं, “त्या बायांले पानी कोन सोडते मंग?” मी सांगितलं, आजी, तोच स्पॉकचा मेंदू, हवा, पाणी, ऊब सगळं तोच चालवते. ती जरा वेळ शेकोटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “ज्याचा चोरला तोच त्याहीले ऊब देऊन रायला.” मंग म्हणाली, “त्याहीचं काय चुकलं बापा, कोनं शिकवलंच नाई.” भाग कसा संपतो ते तुम्हाला माहीतच आहे, मेंदू परत बसवतात, त्या बायांना आता वर यावं लागणार, पुरुषांसोबत राहून स्वतः शिकावं लागणार. आजीला तो शेवट एकदम पटला. मेंदू जागेवर आल्या आल्या स्पॉकची जी बडबड सुरू होते आणि मॅककॉय वैतागतो ते पण तिला लय आवडलं.

पुढच्या शनिवारी पोट्टे आले नाहीत का? आले. उलट सहा-सात जास्त आले.

तुम्ही शहरातले लोकं आमच्या झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याचं नाटक पाहायला कधी आलात की नाही मला माहीत नाही. वडसा इकडून वैनगंगा ओलांडली की आलंच, तिथून मंडळ्या निघतात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटक. रात्री सुरू होते ते पहाटे संपते. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, पोरीबाळी माहेरी आलेल्या, वडे-मटणाचा वास गल्लीभर. मी लहान होतो तेव्हा एका साली आमच्या गावात नाटक साफ पडलं. हिरोचा घसा बसलेला, लाइट दोनदा गेली, दुसऱ्या अंकात तो पुढचं बोलायचंच विसरला. लोकांनी आवाज दिले, शिट्ट्या मारल्या, पण उठून गेलं नाही कोणी. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसले. सकाळी तो हिरो हापशीवर तोंडाचा रंग धूत होता, अर्धा गाल गोरा अर्धा सावळा, आणि माझे मोठेबाबा चहाचा गिलास घेऊन त्याच्याजवळ गेले, गिलास त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “बाप मरते तिथं तू मनातून नाई बोलला, पाठ केलेलं बोलला.” तो खाली मान घालून हो म्हणाला. आणि दुसऱ्या साली परत आमच्याच गावात आला. मोठेबाबा समोर बसून होते.

मला आपल्याकडून एवढंच पाहिजे. तोंडावर सांगा की वाईट आहे, कुठं वाईट आहे ते नेमकं सांगा, पण पूर्ण पाहून सांगा आणि दुसऱ्यालाही पाहू द्या. नवीन कोणी आलं की आपण त्याच्या हातात यादी देतो, हे पाहा, हे गाळा, पहिला सीझन पाहा, तिसऱ्यातले एवढेच पाहा. मला पण तुम्ही तशीच दिली होती. त्या यादीनं आपला वेळ वाचते असं आपल्याला वाटते पण त्या दहावीच्या पोरीचा प्रश्न त्या यादीतच मेला असता. आणि तुमच्यातले जे मोठे दादा आहेत, ज्यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हे पाहिलं, तुम्हाला तेव्हा कोणी यादी दिली होती का? जो भाग लागला तो पाहिला, चांगला निघाला तर आठवडाभर खुश, वाईट निघाला तर पुढच्या रविवारची वाट. तुमचं प्रेम तसंच तर वाढलं. आता आमच्या पोरांना तसं वाढू द्या ना.

आणि ज्या दादांनी म्हटलं की तुला स्टार ट्रेक कळलंच नाही, त्यांना हात जोडून सांगतो, दादा, तुम्ही मला मालिकेतल्या त्या लढवय्या क्लिंगॉन लोकांचा सगळा इतिहास सांगितला, पुस्तकं वाचायला दिली, तुमच्याइतकं माहीत असणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच तुमच्या तोंडून ते लागलं. सगळ्यात वाईट म्हणतात त्या भागातून जी पोरगी आत आली आणि उरलेले अठ्ठ्याहत्तर भाग शोधत गेली, तिला कळलं नाही असं आपण कसं म्हणू शकतो? माझ्या मते आपल्या सगळ्यांत जास्त तिलाच दिसलं, कारण आपल्याला चांगलं दाखवून आणलं होतं कोणीतरी. आणि मी पण त्या दिवशी गप्प बसलो, तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही, त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटते. मी तिला फोन करून माफी मागितली आहे. तुम्ही तुमचं पाहा, पण फोन करा. नंबर त्या दिवशी सगळ्यांनी वहीत लिहिला होता.

फोनवर मी तिला आमच्या गावात काय झालं ते सगळं सांगितलं, आजीचं, त्या दहावीच्या पोरीचं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मंग म्हणाली, दादा, परत लावाल का, मी येते. तर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही ‘स्पॉक्स ब्रेन’ परत लावून राहिलो. धान चुरण्याच्या कामामुळे ज्या बाया त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांनी पण म्हटलं आहे की आम्हाला पाहायचा आहे. ती आणि तिचा भाऊ गोंदियाहून येणार, आणि या वेळी भाषांतर ती करणार, झाडीबोली तिला माझ्यापेक्षा चांगली येते.

तुम्ही पण या. सगळे या. उमरेड, भिवापूर, नागभीडवरून सरळ रस्ता आहे, दुपारी निघालात तरी उजेडात पोचता. गाडीनं या, बाइकनं नको, आणि अंधार पडायच्या आत या, नागभीडच्या पुढे रस्त्यावर जंगलाचा पट्टा आहे आणि थंडीत वाघ संध्याकाळीच रस्त्यावर येते. परत रात्री निघू देणार नाही, झोपायची सोय आमच्या घरी वर माळ्यावर केली आहे, रजया आहेत, तरी एक-एक स्वेटर सोबत असू द्या. आठला सुरू करतो. आजीनं विचारून ठेवलं आहे की नागपूरचे पाहुणे वडे खातात ना, तं किती जण येऊन राहिले तेवढं गुरुवारपर्यंत कळवा.

तुमचाच,
खिडकीजवळ बसलेला, ब्रह्मपुरीकडचा